नॉबपासून नाकापर्यंत: घरच्या ऑक्सिजनचा फ्लो कमी-जास्त करताना

दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘ऑक्सिजन २ लिटर, सॅच्युरेशन ८८ ते ९२.’ सॅच्युरेशन म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते. मशीन घरी येतं, डीलरचा माणूस ते जोडून देतो, नॉब २ वर ठेवतो आणि जातो. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी पडायला लागतात. बाबा संडासला जाऊन येतात आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ८३ दाखवतो. आता नॉब फिरवायचा का? फिरवला तर किती, आणि परत खाली कधी आणायचा? मशीन बाहेरच्या खोलीत, बाबा आतल्या खोलीत. रात्री दोन वाजता उठून ते काम करणार कोण?

ऑक्सिजन हे औषध आहे आणि फ्लो हा त्याचा डोस. इन्सुलिनचं युनिट जसं मनाने बदलत नाही, तसाच हाही नाही. पण इन्सुलिन घेणाऱ्याला डॉक्टर ‘साखर इतकी असेल तर इतकं घ्या’ असं शिकवतात, तसंच इथेही शिकून घेता येतं. त्यासाठी मशीनवरचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी कळायला हवं.

२ लिटर म्हणजे किती?

साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. घरचं काँसंट्रेटर ही हवा ओढून घेतं, झिओलाइट नावाच्या खड्यांच्या नळकांड्यातून दाबाने पाठवतं, तिथे नायट्रोजन अडकतो आणि बाहेर साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन येतो. नॉब २ वर असेल तर दर मिनिटाला असा २ लिटर वायू नळीतून जातो.

पण माणूस शांत बसला असताना मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. २ लिटर नळीतून येतात, उरलेली हवा तो खोलीतूनच ओढतो, आणि दोन्ही नाकात मिसळतं. म्हणून नाकातल्या नळीने, म्हणजे नेझल कॅन्युलाने, १ लिटरला साधारण २४ टक्के, २ लिटरला २८, ३ लिटरला ३२ असा अंदाज धरतात. लिटरमागे ४ टक्के वाढ. हा अंदाज शांत श्वासाचा आहे. चालताना श्वास जोरात आणि भरभर होतो, खोलीची हवा जास्त ओढली जाते आणि तेच २ लिटर जास्त पातळ होतात. त्यात शरीराची मागणीही वाढलेली असते. बसून ९१ असलेला माणूस दहा पावलांत ८३ वर येतो तो या दुहेरी कारणाने. मशीन बिघडलंय असं समजून डीलरला फोन करणारे बरेच असतात. मशीन ठीक असतं.

कॅन्युला १ ते ६ लिटरपर्यंत चालते. साध्या मास्कला मात्र किमान ५ लिटर लागतातच, कारण त्याहून कमी फ्लोवर सोडलेला श्वास मास्कमध्येच साचतो आणि रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो. ‘नाकात टोचतंय’ म्हणून कॅन्युला काढून २ लिटरवर मास्क लावून देणं ही घरोघरी दिसणारी चूक आहे, आणि घातक आहे. व्हेंचुरी मास्कचं गणित आणखी वेगळं: त्याच्या रंगीत तुकड्यावरच टक्का आणि लागणारा फ्लो छापलेला असतो. निळा २४ टक्के, २ लिटर. पांढरा २८ टक्के, ४ लिटर. तिथे नॉब वाढवून टक्का वाढत नाही, तुकडाच बदलावा लागतो.

गोटी वाचायची कशी

फ्लोमीटर म्हणजे खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणारी पारदर्शक नळी. खालून येणारा वायू गोटीला वर ढकलतो, वजन तिला खाली ओढतं, आणि जिथे दोन्ही जुळतं तिथे ती तरंगत राहते. हा सगळा खेळ वजनाचा असल्यामुळे नळी सरळ उभी असायला हवी. मशीन तिरपं टेकवलं किंवा सिलिंडर आडवा ठेवला, की तरंगत्या गोटीच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आकडा गोटीच्या मध्यावर वाचतात. तिची वरची कडा किंवा खालची कडा रेघेवर आणायची नाही. रेघ गोटीच्या पोटातून गेली पाहिजे.

आणि वाचताना डोळा गोटीच्या उंचीवर हवा. घरातलं मशीन जमिनीवर असतं, गोटी गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि आपण उभं राहून वरून डोकावतो. बहुतेक फ्लोमीटरवर आकडे गोटीच्या पुढच्या काचेवर छापलेले असतात. वरून तिरकं पाहिलं की नजर आधी वरच्या आकड्यातून जाते आणि मग मागे, खाली असलेल्या गोटीवर पडते. गोटी आहे त्यापेक्षा वर दिसते. तुम्ही २ लावले असं समजता, आत चालू असतात दीड. ज्याला दीडच लिटर लागतात त्याचं काही बिघडत नाही, पण २ लागणाऱ्याला दिवसभर पाव डोस कमी पडतो आणि ‘आज जरा जास्त दम लागतोय’ एवढंच कळतं. एकदा खाली बसून बघा, मग उभं राहून बघा. फरक लगेच दिसेल. मशीन फूट-दीड फूट उंचीच्या भक्कम स्टुलावर ठेवलं तर रोज वाकायचं वाचतं. फक्त मशीन १४-१५ किलोचं असतं आणि हादरतं, त्यामुळे प्लॅस्टिकचा स्टूल नको.

नॉब हळू फिरवायचा. बहुतेक मशीनवर उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरवला की फ्लो वाढतो. गोटी उडी मारून वर जाते आणि स्थिरावते. ती थांबेपर्यंत चार-पाच सेकंद हात नॉबवरच ठेवा. नॉब बंद केला तरी गोटी वरच राहिली तर ती अडकली आहे, आत ओल किंवा धूळ गेली असणार. बोटाने हलकेच टिचकी मारून सुटते. वारंवार अडकत असेल तर फ्लोमीटर बदलून घ्या. लहान बाळांना पाव-अर्धा लिटर द्यायचा असतो. त्यासाठी बारीक रेघांचा वेगळा लो-फ्लो फ्लोमीटर मिळतो, मोठ्यांच्या फ्लोमीटरवर अंदाजाने ते करू नये.

डॉक्टरांकडून एक नाही, तीन आकडे मागा

बसलेलं असताना किती, चालताना किती, झोपेत किती. तिन्ही स्थितींची गरज वेगळी असते आणि एकच आकडा लिहून दिला असेल तर तो सहसा बसलेल्या स्थितीचा असतो. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याचा पाया ज्या अभ्यासांवर आहे, त्यातल्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात झोपेत आणि हालचालीच्या वेळी १ लिटर वाढवला जात होता. आजही बरेच डॉक्टर तिथूनच सुरुवात करतात. पण प्रत्येकाचा आकडा सहा मिनिटं चालवून, रात्रभराचं सॅच्युरेशन बघून ठरवणं सगळ्यात चांगलं. पुढच्या भेटीला हे स्पष्ट शब्दांत विचारा, आणि सोबत एक मर्यादाही लिहून घ्या: ‘यापेक्षा जास्त लागला तर फोन करा.’

सोबत सॅच्युरेशनची पट्टी, म्हणजे ते किती ते किती यांच्यात ठेवायचं हे, लिहून हवीच. सीओपीडी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या बिडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने खराब झालेल्या फुप्फुसांच्या रुग्णाला, बहुधा ८८ ते ९२ ची पट्टी देतात. फुप्फुसं कडक होण्याच्या आजारात आणि इतर काही आजारांत ती वरची असते. ती आजारावर ठरते, शेजारच्यांच्या काकांवर नाही.

९० दाखवतंय म्हणून ९८ करायला नॉब ५ वर नेणं ही मायेपोटी होणारी चूक. सीओपीडीत फुप्फुसाच्या काही भागात हवा नीट पोचत नाही, म्हणून शरीर तिथलं रक्त वळवून चांगल्या भागाकडे नेतं. ऑक्सिजन भरमसाट वाढला की ही वळवावळव मोडते, रक्त पुन्हा खराब भागातून फिरायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन स्वतःजवळचा कार्बन डायऑक्साइड रक्तात सोडतं, आणि काही रुग्णांचा श्वासही मंदावतो. ऑक्सिमीटरला यातलं काहीही दिसत नाही. त्यावर ९८ चमकत असतो आणि माणूस गुंगीत जात असतो. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसभर पेंग, बोलण्यात गोंधळ, हात पुढे धरले की पंजे फडफडणं: यातलं काही दिसलं तर फ्लो एकदम बंद करू नका. सांगितलेल्या आकड्यावर परत आणा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल तर १०८.

नॉब कधी फिरवायचा

हालचालीच्या आधी. दम लागल्यावर फ्लो वाढवला तर शरीर मागेच राहतं. अंघोळीला, संडासला किंवा जिना चढायला निघण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं चालतानाच्या आकड्यावर आणा. परत येऊन बसलं, श्वास शांत झाला, सॅच्युरेशन पट्टीत आलं की खालच्या आकड्यावर. हे खाली आणणंच विसरतात. चढवणारा हात आणि उतरवणारा हात एकाच माणसाचा असेल तर विसर कमी पडतो. ‘मी वाढवलाय, तू कमी कर’ असं घरात झालं की रात्रभर तो वरच राहतो.

आकडा तपासूनच बदलायचा. बोट थंड असेल, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, हात हलत असेल तर ऑक्सिमीटर काहीही दाखवतो. हात चोळून गरम करा, बोट घाला, अर्धा-एक मिनिट थांबा, आणि त्यावरची नाडी प्रत्यक्ष मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळते का बघा. जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर थोडा चढा दाखवू शकतो, हेही ध्यानात असू द्या: ८९ दिसतंय आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

खरंच कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत अर्धा लिटर, फार तर एक लिटर वाढवा आणि थांबा. नळीतला नवा फ्लो नाकापर्यंत लगेच पोचतो. १५ मीटर लांब नळीत जेमतेम ३०० मिली वायू मावतो, २ लिटरच्या फ्लोला तो दहा सेकंदांत पुढे जातो. वेळ लागतो तो शरीराला. बोटावरचा आकडा स्थिर व्हायला पाच-दहा मिनिटं द्या, सीओपीडी असेल तर वीसही. दर मिनिटाला नॉबशी खेळत बसलं तर आकडा आधी कमी, मग गरजेपेक्षा जास्त असा झुलत राहतो आणि कुठल्या बदलाने काय झालं ते कळेनासं होतं.

मशीनला टांगलेली एक वही ठेवा. वेळ, काय चाललं होतं, फ्लो, सॅच्युरेशन, एवढंच. ‘सकाळी ७, अंघोळीनंतर, ३ लिटर, ८६, १० मिनिटांनी ९०.’ अशा आठ दिवसांच्या नोंदी पाहून डॉक्टर पाच मिनिटांत आकडा सुधारून देतात. ‘कधी कमी होतं, कधी जास्त’ या वर्णनावरून कुणालाच काही करता येत नाही.

उठ-बस कमी कशी करायची

मशीनच्या बॉडीवर, फ्लोमीटरच्या शेजारी, तीन आकड्यांसमोर रंगीत चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावा: हिरवा बसताना, पिवळा चालताना, निळा झोपताना. आकडे वाचता न येणारी आजीही मग ‘गोटी पिवळ्यावर कर’ एवढं सांगू शकते. पट्टी काचेवर गोटी झाकेल अशी लावू नका. रात्रीसाठी तिथेच एक छोटा एलईडी दिवा. वरच्या मर्यादेला लाल पट्टी लावली, की पाहुण्यांनाही कुठे थांबायचं ते कळतं.

जागेचा प्रश्न नळीने सुटतो. कॅन्युलाची स्वतःची नळी साधारण ७ फुटांची असते. तिला जोड देऊन बहुतेक ५ लिटरच्या मशीनवर १५ मीटरपर्यंत, म्हणजे ५० फुटांपर्यंत जाता येतं. तुमच्या मशीनची मर्यादा माहितीपुस्तिकेत असते, ती पाळा. आवाज नको म्हणून मशीन बाहेर आणि रुग्ण आत, ही व्यवस्था चालते. पण मग नॉब लांब जातो. यावर घरोघरी निघालेला जुगाड म्हणजे मशीन ५ वर ठेवायचं आणि रुग्णाजवळच्या नळीवर सलाइनच्या सेटची चाकाची क्लिप लावून पाहिजे तेवढी आवळायची. हे करू नका. क्लिपवर आकडे नसतात, ती झोपेत सरकते, आणि मागे दाब साचून ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीची सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारत ऑक्सिजन बाहेर सोडते. रुग्णाजवळ आकडे असलेला वेगळा फ्लो-नियंत्रक बसवता येतो का, हे मशीनच्या मॉडेलवर अवलंबून आहे. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला असेल तरच घ्या.

बहुतेक घरांत त्याहून सोपा उपाय पुरतो: मशीन दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी, रुग्णाचा पलंग, खुर्ची आणि संडास तिघांच्या मध्यावर. भिंतीपासून फूटभर लांब, पडद्यापासून दूर, म्हणजे हवा ओढायला जागा राहते. न्हाणीघरात ठेवू नका. वाफेने झिओलाइट खराब होतो. देवघराशेजारीही नको: समई, निरांजन, उदबत्ती, कापूर, गॅसची शेगडी यांपासून मशीन, नळी आणि नळी लावलेला माणूस दोन-तीन मीटर लांब. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण पदर, गोधडी, दाढी यांत तो मुरतो आणि मग ठिणगीने लागलेली आग डोळ्यादेखत पसरते. त्याच कारणाने नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका. पाण्यात विरघळणारी जेल वापरा. आणि नाकातली कॅन्युला काढून पलंगावर टाकायची असेल तर आधी मशीन बंद.

गोटी २ वर, तरी बोटावर ८४

फ्लोमीटर मशीनच्या आत असतो. त्याच्या पुढे कुठे गळती झाली तर गोटीला पत्ताच लागत नाही. ती इमानेइतबारे २ वर तरंगत राहते आणि ऑक्सिजन वाटेतच खोलीत जातो. म्हणून संशय आला की नाकाकडून मागे शोधत या.

कॅन्युलाची टोकं पाण्याच्या ग्लासात बुडवा. बुडबुडे जोरात आले तर नळी ठीक. येत नसतील तर पहिला संशयित पाण्याची बाटली. पाणी भरून झाकण लावताना आटे तिरके बसतात. वरून घट्ट वाटतं, पण कडेने फुसफुस गळतं. झाकण पूर्ण काढून, उलट्या दिशेने अर्धा फेरा देऊन आटे ‘टक’ असे बसू द्या आणि मग आवळा. नंतर बाटलीच्या पुढची नळी बोटांनी चिमटा: सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी वाजली तर बाटली हवाबंद आहे, नाही वाजली तर गळतेय. व्हॉल्व्ह नसलेल्या साध्या बाटलीत शिट्टी नाही, पण चिमटल्यावर गोटी खाली पडायला हवी.

बाटलीत डिस्टिल्ड पाणी, ते नसेल तर उकळून गार केलेलं. वरच्या रेघेच्या वर भरलं तर पाण्याचे थेंब नळीत चढतात, नळीच्या लोंबत्या भागात साचतात आणि गुडगुड आवाज येतो. तो भाग मशीनपासून काढून झटका. रोज पाणी बदलायचं, वरून भर घालायची नाही. कमी फ्लोला, म्हणजे ४ लिटरच्या आत, बाटली नसली तरी बहुतेकांना चालतं. नाक कोरडं पडत नसेल तर डॉक्टरांना विचारून ती काढूनच टाका. गळतीची एक जागा कमी.

मग नळी: पलंगाचा पाय, दाराची फट, खुर्चीचं चाक. आणि सगळं ठीक असूनही आकडा खाली असेल तर मशीनचा टक्का घसरलेला असू शकतो. मागचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. मशीनवर शुद्धतेचा दिवा असेल तर हिरवा हवा. पिवळा किंवा लाल झाला तर फ्लो वाढवून भरपाई होत नाही. सर्व्हिसवाल्याला ऑक्सिजन ॲनालायझर घेऊन बोलवा आणि तुमच्या नेहमीच्या फ्लोवर टक्का मोजायला सांगा. सुरू केल्यावर पूर्ण शुद्धता यायला मशीनला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ सोडून.

आकडे फसवतात तेव्हा

५ लिटरच्या मशीनची गोटी कधीकधी ५ च्या वरही चढते. चढू देऊ नका. झिओलाइटला हवा गाळायला वेळ मिळत नाही आणि टक्का कोसळतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी घेतलेल्या स्वस्त ‘१ ते ७ लिटर’ मशीनचं हेच होतं. अशा काहींच्या लेबलवरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: १ लिटरला ९० टक्के, ७ लिटरला ३० टक्के. हिशोब करून बघा. हवेत २१ टक्के असतोच, तो वजा करायचा. १ लिटरवर जास्तीचा मिळतो ०.६९ लिटर. ७ लिटरवर, ३० वजा २१ म्हणजे ९ टक्के, सात लिटरचे झाले ०.६३ लिटर. नॉब सातपट फिरवला आणि ऑक्सिजन तेवढाच, उलट किंचित कमी. असं मशीन माळ्यावर पडून असेल आणि कुणाला ‘तात्पुरतं’ द्यायचा विचार असेल, तर आधी लेबल वाचा.

खांद्याला अडकवायच्या छोट्या मशीनवरचे १, २, ३ हे बहुतेक वेळा लिटर नसतात. ती श्वास आत घेतला की एक झुळूक सोडतात आणि आकडा त्या झुळकीचा आकार सांगतो. घरी २ लिटर चालतात म्हणून प्रवासात २ वर लावलं तर पुरेलच असं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी घरातच ते लावून, चालून, ऑक्सिमीटरवर कुठला आकडा पुरतो ते बघा. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याची झुळूक चुकू शकते, म्हणून रात्री ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लाइट गेली तर

५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची एक चांगली बॅटरी फक्त मशीन चालवायचं म्हटलं तर तीनेक तास देते. पंखे-टीव्ही जोडलेले असतील तर निम्मंही नाही. म्हणून सिलिंडर भरलेला हवाच, आणि रेग्युलेटर लावूनच ठेवलेला. अंधारात पाना शोधण्यात फार वेळ जातो.

घरी येतो तो बी टाइप, साधारण १० लिटर पाण्याच्या मापाचा, पूर्ण भरलेला असताना मीटर १५० किलो दाब दाखवतो. दाब गुणिले १० म्हणजे उरलेले लिटर. मीटरवर १०० असेल तर १,००० लिटर. तळाचे २० किलो हिशोबात धरायचे नाहीत, राहिले ८००. २ लिटरच्या फ्लोला ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. ३ लिटरला साडेचार तासही नाही. जंबो, म्हणजे डी टाइप, साधारण ४६ लिटरचा. तिथे दाबाला ४६ ने गुणा. सिलिंडरला कागद चिकटवून ‘१०० वर २ लिटरने साडेसहा तास’ असं लिहून ठेवलं तर घाबरलेल्या डोक्याला गणित करावं लागत नाही.

सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला, उभा. आधी रेग्युलेटरवरचा फ्लोचा नॉब बंद आहे ना बघा. चेहरा मीटरच्या समोरून बाजूला घ्या आणि पान्याने मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झटक्याने उघडला तर दाब एकदम रेग्युलेटरवर आदळतो. मीटरचा काटा चढला की फ्लोचा नॉब उघडून गोटी पाहिजे त्या आकड्यावर आणा. गोटीऐवजी टकटक करत फिरणारी चकती असेल तर आकडा खिडकीत बरोबर मधोमध आणि ‘टक’ वाजलेला हवा. दोन आकड्यांच्या मध्ये चकती अडली तर फ्लो शून्य असू शकतो. दीडच्या जवळ आहे म्हणजे दीड मिळतोय, असं तिथे नसतं. मग कॅन्युलाची टोकं गालाला लावून झुळूक लागते का बघा, आणि त्यानंतरच नाकात घाला. हिस्स आवाज येत असेल तर सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर व्हॉल्व्ह बंद करून आतला वॉशर बदला. तेल, ग्रीस, प्लंबरची टेप यातलं काही तिथे लावायचं नाही. हातही तेलकट नको.

लाइट आली तरी लगेच अदलाबदल नको. मशीन सुरू करून नेहमीच्या आकड्यावर ठेवा, दहा मिनिटं तसंच चालू द्या, शुद्धतेचा दिवा हिरवा होऊ द्या. मग नळी सिलिंडरवरून मशीनवर आणा. सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह आधी बंद करा, मीटरचा काटा शून्यावर येऊ द्या, आणि शेवटी फ्लोचा नॉब. जाता जाता उरलेला दाब वहीत लिहा, म्हणजे भरायला कधी पाठवायचा ते ठरवता येतं.